दुसऱ्यांदा केलेली पूजा

अप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी निव्वळ भीतीपोटी लिहायला बसलेय. मी नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. तुमचा विसरण्याचा आजार पाहिला म्हणूनच तिथं हे संशोधनाचं काम अंगावर घेतलं. उंदराच्या मेंदूत थोडं विष सोडायचं, आठवण पुसली गेली की रोज औषध देऊन बघायचं, परत येते का. पांढुरक्या पाण्याची गोल टाकी असते आणि पाण्याखाली दडवलेला एक पाट. धडधाकट उंदीर चार दिवसांत पाट शोधायला शिकतो. विष दिलेला भिंतीला धरून गोल गोल पोहत राहतो. तुम्ही चाकूरला आपल्याच दुकानाभोवती फिरायचा, दार सापडायचं नाही, अगदी तसाच. मिनिटभर त्याला हात लावायचा नाही असा नियम आहे. इतकी वर्षं मी घड्याळाकडे बघत उभी राहिले, मला कधी काही वाटलं नाही.

गुरुवारी चार नंबरच्या उंदराला औषध द्यायला पिंजऱ्यात हात घातला, तर माझी विद्यार्थिनी ओरडली, "मॅडम, त्याला तर तुम्ही आत्ताच दिलं की!" वहीत माझंच अक्षर, माझीच सही. मला काही म्हणजे काही आठवेना. हसून वेळ मारून नेली.

तुमचा तो दिवस सारखा डोळ्यांपुढं येतोय. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही सकाळपासून तिसऱ्यांदा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसलाय, आणि मी खेकसते, "अप्पा, किती येळा? आत्ताच केली की पूजा!" तुम्ही हसलात. "हाव गं, ठावं हाय मला. अजून एकदा केली तर काय बिघडतंय?" मला वाटलं, लई हट्टी म्हातारा.

आज सकाळी मी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं, तर ते ओलं होतं. वरची विभूतीही ताजी. म्हणजे पूजा आधीच झालेली होती. तेवढ्यात नवऱ्यानं बाहेरून विचारलं, "न्हाई झाली का पूजा अजून?" मी म्हटलं, "करून राहिले." आणि खरंच सगळी पूजा पहिल्यापासून पुन्हा केली, त्याला कळू नये म्हणून. अप्पा, त्या दिवशी तुम्हालाही असंच कळलं होतं का? तुम्ही फार भ्यालात का? आणि मी मेली वर तुमच्यावरच ओरडले.

लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. खरं सांगते, दोनदा घेऊन दोनदा मोडलीय. हे पत्र कपाटात ठेवतेय. कोणत्या कप्प्यात, ते वहीत लिहून ठेवलंय.