प्रार्थनेच्या चिठ्ठ्या

१४ ऑगस्ट

प्रिय बेबीस,

प्रभूच्या नावात ताईचा प्रेमळ सलाम. इकडे सगळे ठीक. चर्चच्या खिडक्यांना रंग लागला, ऑर्गन एकदाचा दुरुस्त झाला. तुझ्या लेकीच्या डाव्या कानाला आता काहीच ऐकू येत नाही, असं लिहिलंस. वाचून वाईट वाटलं. उजवा शाबूत आहे, त्याबद्दल आभार मानावेत.

तू त्या चिठ्ठ्या मागतेस. वकिलाला दाखवायच्या म्हणतेस. तुला ठाऊक आहे, पेटीतल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या दर रविवारी मी काढते, नीट भाषेत वहीत उतरवते आणि पाळकसाहेब त्या वहीतून वाचतात. लोक काहीही लिहितात गं! कुणाची दारू, कुणाची सून. नाजूक गोष्टी विचार करून बोलाव्यात, एवढंच मी बघते. झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षांत माझ्या शब्दामुळे कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

तुझ्या लेकीचं अक्षर मी पहिल्याच चिठ्ठीला ओळखलं. मीच गिरवायला शिकवलं होतं. ‘नवरा मारतो. मला इथून कुणीतरी घेऊन जा.’ हे भर उपासनेत कसं वाचायचं? जावईबापू समोरच, गाणाऱ्यांच्या रांगेत. मी लिहिलं, ‘एका बहिणीच्या घरात शांती नांदो.’ पाळकसाहेबांनी नेमकी त्यांनाच प्रार्थना करायला सांगितली. काय सुंदर केली! बायकांनी डोळे पुसले. तुझी लेक मात्र माझ्याकडे टक लावून बघत बसली होती.

अशा तीन आल्या. तिन्हींची मी शांतीच केली. चौथीत एवढंच होतं: ‘मावशी, तू वाचतेस ना?’

ती मी वहीत घेतली नाही. तिला उत्तरही दिलं नाही. त्याच आठवड्यात जावईबापूंचा हात जरा जोरात लागला.

बेबी, स्थळ मीच आणलं होतं. लोक म्हणाले असते, मावशीनेच पोरीला खड्ड्यात ढकललं. मला भीती वाटली. हे फक्त तुझ्यापाशी कबूल करते, आणि यापुढे तू हा विषय काढायचा नाहीस. शिवाय एका हाताने टाळी वाजत नाही, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं.

चिठ्ठ्या आता नाहीत. तुझं पत्र आलं त्या सकाळी गॅसवर धरल्या. वही मात्र जपून ठेवली आहे, वकिलाला खुशाल दाखव. तीत तारखेनिशी तीनदा शांती मागितलेली आहे.

कोर्टाने बोलावलं तर मी येईन. बायबलवर हात ठेवून खोटं बोलायची नाही. आमच्या उपासनेत ‘मारतो’ हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही, असं सांगेन. आणि ते खरंच आहे.

तुम्हा दोघींना मनापासून क्षमा करणारी,
तुझी ताई