न तापलेल्या ढिगातला घेवडा

ती. हरणाआक्काच्या पायाशी धाकट्या तानाजीचा दंडवत. गुडघा कसा आहे? विश्रामबागच्या तुझ्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली का? इकडं आम्ही मजेत आहोत (मी सोडून). फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून खोटंच निघतं, म्हणून पत्र लिहितोय.

शेत सोडून फ्लॅटात जाताना आईच्या तांबड्या पट्ट्यांच्या वाघ्या घेवड्याचं शेवटचं बी तू राखेत घालून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून माझ्या हवाली केलंस. "तान्या, पेरायच्या आदी उगडू नगंस," म्हणालीस. मी नुसतं उघडलं नाही आक्का, मी ते उलटं केलं.

त्याचं असं झालं, मी नुकताच कराडहून कंपोस्टचं दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि अंगात आलं होतं. उसाचं पाचट, शेण, सोयाबीनचा भुस्सा, दिसेल ते ढिगावर (मंगलनं वाळत घातलेल्या कुरडया थोडक्यात वाचल्या). राखही चालते, असं तिथल्या साहेबांनी सांगितलेलं. पडवीत मडकं दिसलं, तोंड फोडलं, वर राख दिसली, केलं रिकामं. तू दिल्याचं साफ विसरलो होतो आणि चष्मा कपाळावर होता. फौजेत वीस वर्षं रायफलच्या नळीत डोळा लावून बघणारा मी, मडक्यात बघितलं नाही.

जूनमध्ये पेरायला मडकं शोधू लागलो तेव्हा ध्यानात आलं, ढिगावर ओतलं ते तेच. मग बाजारातलं बी पेरलं, आणि चार महिने कुजवायचं खत दोनच महिन्यांत शेतात ओढलं. कच्च्या खतानं सगळा घेवडा पिवळा पडला. तुला मात्र शेजारच्या दिग्विजयच्या हिरव्यागार शेताचा फोटो पाठवला, खाली "आईचा आशीर्वाद" असंही लिहिलं. आईचं नाव घेऊन खोटं बोललो.

लाजेपायी उरलेल्या अर्ध्या ढिगाकडं मी फिरकलोच नव्हतो. परवा गेलो, तर कडेला घेवड्याची सतरा झाडं, शेंगा वाळत आलेल्या! सोलून बघितलं, तेच तांबडे पट्टे. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. साहेब म्हणाले होते, ढीग नीट तापला की आतलं बी मरतं. मी त्याला ना पाणी दिलं, ना खालीवर केला. माझा ढीग तापलाच नाही. शिकवलेलं नीट केलं असतं, तर आईचं बी संपलं असतं.

ओंजळभर निघालंय. गौरीला माहेरी येशील तेव्हा तुझ्या हातात देईन.

तुझा तोंड लपवणारा भाऊ,
तानाजी

ता.क. येताना एक मडकं आण. आईचं मडकं त्याच दिवशी फुटलं, खापऱ्याही ढिगावरच टाकल्या. हे वर लिहायचा धीर झाला नाही.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवताना मंगल म्हणाली, "आवं, आक्कांस्नी म्या जूनमदीच सांगितलंय." म्हणजे दर रविवारी "आईचा घेवडा कसा हाय रं?" हे तू सगळं माहीत असून विचारत होतीस! आणि मी दर रविवारी त्याला वीतभर वाढवत होतो, गेल्या फोनला तो माझ्या कमरेला लागला होता. एकदा शिव्या दिल्या असत्यास तर सुटलो असतो गं. आता ये, पण चारचौघांत हसू नकोस. मला ढिगापाशी ने, आणि आई धरायची तसा माझा कान धर.