सेंटर कुठेही जाणार नाही

४ मार्च
यांचे डायलिसिस आटोपून दुपारी घरी. सेंटर बंद होणार, अशी आवई आहे. सिस्टरने बाजूला घेऊन सांगितले, पुलापलीकडच्या हॉस्पिटलात आजच नाव घाला, जागा भरत आल्यात. संध्याकाळी आमचे उमेदवार भाऊसाहेब चौकात गरजले, सेंटर हलवायचे तर माझ्या अंगावरून न्यावे लागेल. मिटला प्रश्न. नाव घालणार नाही. एका पेशंटने दोन जागा अडवणे पाप.

९ मार्च
प्रचाराला जाते. दारोदार सांगते, आमचे हे त्याच सेंटरवर जगतात, तरी आम्ही निर्धास्त. बायकांना पटते. पत्रके मागून कोरी; हिशोबाला बरी.

१५ मार्च
व्यापाऱ्यांच्या सभेत भाऊसाहेब म्हणाले, तिथे मार्केट होईल, सेंटर अधिक चांगल्या जागी जाईल. हे म्हणाले, गेले वाटते अंगावरून. दुखण्याने माणूस कुजके बोलतो. चांगली जागा म्हणजे जवळचीच असणार. सिस्टरने पुन्हा टोकले. म्हटले, भाऊसाहेबांनी शब्द दिलाय. तिने विचारले, कोणता?
तिच्याशी बोलणे कमी करणार.

२१ मार्च
नवी पत्रके दोन्ही बाजूंनी छापलेली. सेंटरचा उल्लेख नाही. जागा पुरली नसावी. शेजारच्या शिवणवालीला प्रचारात मीच ओढले. तिचा भाऊही सेंटरवरच. तिने त्याचे नाव गुपचूप पुलापलीकडे घातले. मत मात्र भाऊसाहेबांनाच देणार म्हणते. असला दुटप्पीपणा मला नाही जमत.

२८ मार्च
भाऊसाहेब घरी आले! यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मी धीर करून सेंटरचे विचारले. म्हणाले, "मावशी, ते बंद करा ही तर तुमच्याच गल्लीची मागणी. वास येतो, गर्दी होते. खरं ना?"
चारचौघांत पाहुण्याला खोटे कसे पाडायचे? हो म्हटले. हे माझ्याकडे बघत राहिले.

२ एप्रिल
मत दिले. यांनी कुणाला दिले, सांगत नाहीत.

५ एप्रिल
भाऊसाहेब आले निवडून. आता निश्चिंत.

११ एप्रिल
सेंटरला कुलूप. भाऊसाहेबांच्या ऑफिसात बसवून ठेवले, मग साहेब बाहेरगावी गेलेत म्हणाले. नवा माणूस, व्याप वाढलाय. पुलापलीकडे जागा भरलेल्या. लांबच्या खासगी दवाखान्यात कसेबसे एकदा उरकले. दर वेळी झेपणार नाही.

१६ एप्रिल
यांचे पाय सुजले, चपला चढेनात. पाणी आता घोटभरच प्यायचे. म्हणाले, "पाण्याचं भांडं माझ्यापासून लांब ठेव. मला राहवत नाही." ठेवले.
पुलापलीकडे एकदाचे नाव घातले. कारकून चांगला आहे. म्हणाला, कुणाची जागा रिकामी झाली की कळवतो. जागा कशी रिकामी होते, ते मी विचारले नाही. शिवणवालीच्या भावाला तिथेच जागा मिळालीय.
संध्याकाळी देवापुढे बसले. मागता काही येईना. उठले.