उतारावरचं घर

फिलिप्सबर्ग, न्यू जर्सी
४ सप्टेंबर २०११

चि. हॉबर्ट यास, वर्नाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ओपलच्या गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. डोंगरउतारावर कोंबड्यांमागे पळू नकोस, असं तिला माझ्याकडून सांग.

माझं म्हणशील तर डॉक्टरांनी आता औषधं थांबवली आहेत. नर्स घरीच येते. मार्ला पुढच्या खोलीत माझी खाट लावून बसली आहे, खिडकीतून उतरता रस्ता दिसतो. लेक गुणी आहे, पण स्वयंपाकात अगदी बापावर गेली आहे. परवा तिने केलेला मक्याचा पाव नर्सने खाल्ला आणि पाणी मागितलं.

एक मागणं आहे. आईचं भजन मला एकदा म्हणायचं आहे. इथल्या चर्चमध्ये सगळे पुस्तक धरून एकदम गातात. एकाने ओळ आधी म्हणून द्यायची, बाकीच्यांनी थांबायचं आणि मग ती उचलायची, ही आपली रीत इथे कुणाला ठाऊक नाही. तू ओळ दे, मी उचलते. आवाज राहिला नाही, पण तेवढं जमेल. सफरचंदांचा मुरंबा ढवळून झाला की निघ, त्याहून उशीर करू नकोस.

आणि हे नीट वाच. तुझं ते पिस्तूल घरी ठेव. तू संडासलाही ते लावून जातोस हे मला माहीत आहे. तुझा परवाना आपल्या डोंगरात चालतो, इथे त्या कागदाला कुणी विचारत नाही. आमच्या शेजारणीचा जावई जॉर्जियाहून असाच आला होता, त्याला वकील करावा लागला.

येताना सावकाश ये. लोभ आहेच, तो भेटीने वाढव.
तुझी ताई,
वर्ना

स्पायसर खोरं, वेस्ट व्हर्जिनिया
१८ सप्टेंबर

ती. वर्नाताईस, हॉबर्टचा सा. न. वि. वि.

मुरंब्याची कढई पुढच्या शनिवारी चुलीवर चढेल. सगळं खोरं ढवळायला येतं आणि निम्मा मुरंबा चाखण्यातच संपतो. तुझी बरणी मी आधीच बाजूला काढायला सांगितली आहे. ओपल म्हणते की तळाला थोडा लागलेलाच तुला आवडतो, तर मुद्दाम लावते. मी म्हटलं, मुद्दाम कशाला, तुझ्या हातून तो लागतोच. त्यावर तिने मला पळीच दाखवली.

पिस्तुलाचं मी शेरिफच्या कचेरीत विचारलं. पेनसिल्व्हेनियात माझा परवाना चालतो, नदीपलीकडे तुमच्याकडे नाही. मधला घाट ओसाड आहे, गाडी बंद पडली तर कोसभर माणूस नाही. म्हणून असं ठरवलं आहे की नदीच्या अलीकडे ईस्टनला डेल्बर्ट साइप्सकडे ते ठेवायचं, चहा घ्यायचा आणि रिकाम्या कमरेने पूल ओलांडायचा. डेल्बर्ट आठवतो ना, माझ्याबरोबर खाणीत होता तो. आता तरी रागावू नकोस.

भजन मी रोज गोठ्यात म्हणून बघतो. तिसऱ्या कडव्यात आई जिथे श्वास घ्यायची तिथे माझाही अडतो. परमेश्वर तुला तोवर सांभाळो.
भेटीची वाट पाहणारा,
हॉबर्ट

फिलिप्सबर्ग
२८ सप्टेंबर

ती. हॉबर्टमामास, मार्लाचा सा. न. वि. वि.

आईच्या हातात पेन धरवत नाही, म्हणून मी लिहिते आहे. जेवण जवळजवळ बंद झालं आहे. मुरंबा लागलेला असला तरी चालेल, पण माणूस वेळेवर हवं, असं तिने लिहायला सांगितलं आहे. मामा, लवकर निघा. ओपलमामींना नमस्कार.
तुमची,
मार्ला

स्पायसर खोरं
२३ ऑक्टोबर

चि. मार्ला हिस, हॉबर्टमामाचे अ. उ. आ.

दफन झाल्यावर मी आलो तेव्हा काय घडलं ते तुला नीट सांगितलं नाही. आता लिहितो.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला मी ईस्टनला पोचलो. डेल्बर्टच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली की त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलंय, कधी येतील सांगता येत नाही. तिथूनच तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस की आईचा श्वास बदललाय. मग मी काय करणार? गोळ्या काढल्या, पिस्तूल हत्यारांच्या पेटीत घातलं, पेटी मागच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. एका राज्यातून दुसऱ्यात जाताना असं बंद करून नेलं तर चालतं, हे मी वाचलं होतं. वकिलाने नंतर समजावलं की ती सूट मधल्या राज्यातून नुसतं पार जाणाऱ्याला आहे. मला पार जायचं नव्हतं. मला तुमच्याकडेच यायचं होतं.

पूल ओलांडला. तुमच्या रस्त्यावर वळलो आणि मागे पोलिसांची गाडी लागली. माझा मागचा दिवा गेला होता, एवढंच. आपल्याकडे पोलिसाने थांबवलं की माणूस दोन्ही हात चाकावर ठेवतो आणि विचारायच्या आधी सांगतो, साहेब, गाडीत पिस्तूल आहे. बाबांनी आम्हाला तसंच शिकवलं. आपला पोलीस आभार मानतो, आईची तब्येत विचारतो. मी तसंच सांगितलं. तो पोरगा पांढरा पडला. त्याचाही दोष नाही, त्याला त्याचा कायदा होता. तो म्हणाला की तुम्ही बोलला नसतात तर मी दिव्याच्या दंडाचा कागद देऊन सोडणार होतो.

मी त्याला सांगितलं की माझी बहीण याच रस्त्यावर मरणाला टेकली आहे. बेड्या घालूनच ने, पण दारापर्यंत ने. त्याने वरिष्ठांना विचारलं. नाही म्हणाले. मंगळवारी जामीन होईपर्यंत मी आत होतो. ताई रविवारी गेली हे मला तिथेच कळलं.

ती माझ्यावर रागावली होती का, तेवढं खरं लिही. खोटं लिहू नकोस.
तुझा अभागी,
मामा

फिलिप्सबर्ग
६ नोव्हेंबर

ती. हॉबर्टमामास, मार्लाचा सा. न. वि. वि.

खरं लिही म्हणालात, म्हणून लिहिते. तुम्हाला पकडल्याचं मी आईला सांगितलंच नाही. शुक्रवारी ठाण्यातून फोन आला तेव्हा ती जागी होती, हॉबर्ट आला का म्हणून विचारत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, आलाय, गाडी लावतोय. तिने डोळे मिटले आणि म्हणाली की त्याला हँडब्रेक ओढायला सांग, आपला रस्ता उतरता आहे. त्यानंतर तिने तुमच्याविषयी एकदाही विचारलं नाही. रागावली नव्हती, मामा. तुम्ही खालीच आहात असंच तिला वाटत होतं.

रविवारी सकाळी तिचे ओठ हलायचे आणि थांबायचे. नर्सला वाटलं पाणी हवंय. मला कळलं, ती ओळीची वाट बघत होती. मला ती देता आली नाही. आईने मला कधी शिकवलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

पोलिसांनी तुमची गाडी सोडली तेव्हा तिच्यातली बरणी मला मिळाली. मुरंबा तळाला लागलेला आहे. रोज चमचाभर खाते.

जानेवारीत तुमची तारीख आहे. उतरायला माझ्याकडेच या. माया कमी करू नका.
तुमची,
मार्ला

स्पायसर खोरं
१४ नोव्हेंबर

चि. मार्ला हिस, मामाचे अ. उ. आ.

तारखेला येईन. न्यायाधीश काय म्हणतील ते म्हणोत. पिस्तूल पोलिसांकडेच आहे, मी परत मागणार नाही. आधी थडग्यावर जाऊ. मी ओळ देईन, तू उचल. नाही जमलं तर नुसती थांब, आपल्या रीतीत तेही गाण्यातच धरतात.

आणि ताईला सांगायचं राहिलं ते तुला सांगतो. पोलिसाने मला थांबवलं ते तुमच्याच उतारावर. तिथून खिडकीतला दिवा दिसत होता. मी आधी हँडब्रेक ओढला, मगच हात चाकावर ठेवले.

तुझा,
हॉबर्टमामा