शेपूट आलं

८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं, सोबतचा जाड लिफाफाही मिळाला. डॉक्टरांनी सगळं लिहून काढायला सांगितल्यापासून तू फोन सोडून पत्रांवर आला आहेस, म्हणून मीही कागद घेऊन बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे. नेटाने वाच.

इकडे माझं बरं चाललं आहे. सायकलच्या दुकानाचे मालक तोंडाने फटकळ आहेत, पण कामात लुडबुड करत नाहीत. दिवसभर वाकड्या चाकांचे आउट काढून ती सरळ करायची, पंक्चर काढायचे, ब्रेक आवळायचे. परवा एक बाई सायकल घेऊन आल्या. म्हणाल्या, "कुठूनतरी खुळखुळ येते हो, चार दिवस झोप नाही." मी सगळी सायकल उलटीपालटी केली, तर पुढच्या टोपलीत त्यांच्याच घराच्या किल्ल्या. मालक म्हणाले, "बाई, सायकल ठणठणीत आहे, किल्ल्या दुरुस्त करून घ्या." तुझ्या चिमणीला सांग, घरमालकिणीच्या मांजरीला तीन पिल्लं झाली आहेत आणि तिन्ही माझ्या पलंगाखाली मुक्कामाला आहेत.

एवढंच. हे एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

लिफाफ्यातले कागद मी वाचले. तुझ्या सायकल-सहलींचा परवाना माझ्या नावावर करायचा, आणि चिमणीची पालक म्हणून माझी सही. तू लिहिलं आहेस, "आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी एक गोष्ट निसटली, मग सगळ्या. अप्पा फाटकातून आत आलेले मला आठवत नाहीत, म्हणजे माझं डोकं तेव्हापासूनच जायला लागलं असणार. मी शुद्धीत आहे तोवर पोरीची सोय करून टाकू." आणि खाली, "तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

ती शेवटची ओळ वाचून मी कागद उशीखाली सारले आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही.

दादा, आता मी तुला त्या दिवसाचं सगळं सांगणार आहे. तू म्हणशील, मला काय सांगतेस, ती वाट मीच उभी केली. खरं आहे. बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर तू खडी पसरलीस, डोंगराच्या पायथ्यापासून नदीकाठाने खाली, सहल संपते त्या फाटकापर्यंत एकही मोटार येणार नाही अशी वाट केलीस. लोक त्यासाठीच तर यायचे. पण तुझा आता तुझ्यावरच भरवसा राहिलेला नाही, म्हणून एकेक गोष्ट ताडून पाहा.

गाडी सोबत नाही, म्हणून आपला नियम होता. पुढे तू, मागे मी, आणि माझ्या अंगात पिवळं जॅकेट. जॅकेट घालणारा तो शेपूट. शेपटाने कुणाला ओलांडून पुढे जायचं नाही, आणि जायची पाळीच आली तर जॅकेट काढून मागच्याच्या हातात द्यायचं. नियम अप्पांनी केला होता. डोकी मोजायची नाहीत, म्हणायचे, लोक इकडेतिकडे फिरतात आणि एकच माणूस दोनदा मोजला जातो. जॅकेट आलं की सगळे आले. मग तू धरणावरच्या चौकीदाराला फोन करायचास, "शेपूट आलं," आणि तो पाणी सोडायचा. फाटकाच्या अलीकडची ती नदीवरची फरशी, तो बिनकठड्याचा बुटका पूल, वीस-पंचवीस मिनिटांत पाण्याखाली जायची.

त्या दिवशी चौदा पाहुणे होते आणि पंधरावे अप्पा. गुडघे दुखत होते तरी हट्टाने आलेले. दुपारच्या थांब्यावर ते पाहुण्यांना सांगत होते, "हे सगळं माझ्या मुलानं केलं. ही आपली मागून येते." लोक हसले. मीही हसले. अप्पांच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. दहा वर्षं मी त्यांच्या दुकानात हात काळे केले आणि तुझ्या सगळ्या सायकली मी बांधल्या, ते कुठेच नाही.

शेवटच्या उतारावर त्यांची साखळी तुटली. बाकीचे पुढे गेले होते. मी म्हटलं, "द्या इकडे, मी जोडते." ते म्हणाले, "राहू दे. साखळी जोडायला मला कुणी शिकवायला नको. तू हो पुढे." मी उभी राहिले. त्यांना चष्म्यातूनही पिन दिसत नव्हती. मी पुन्हा हात पुढे केला, तर हातावर चापट मारली, लहानपणी मारायचे तशी. मी म्हटलं, "मग बसा. या तुमचे तुम्ही."

आणि मी पुढे निघाले. जॅकेट अंगात तसंच होतं.

चौकशीत मी सांगितलं की अप्पा माझ्या आधीच फरशी ओलांडून गेले होते, फाटकातून आतही गेले असतील, मग काही राहिलं म्हणून मागे फिरले असतील. ते खोटं होतं. तू पहिल्या दिवशी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतास, "मी त्यांना आत येताना पाहिलं नाही." माझं ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, "पाहिलं असेल, लक्षात नसेल." महिनाभराने तू गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा पाहायला लागलास. मी शेजारी बसून तुला चहा करून देत होते, आणि तोंडातून ब्र काढत नव्हते. नंतर ते बघवेना, तेव्हा इथे पळून आले आणि तुला सांगितलं की शहरात काम मिळालं.

इथवर लिहून मी हात धुऊन आले. अजून एक आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

मी फाटकातून आत आले तेव्हा तू खांबाजवळ उभा होतास. फोन कानाला होता. चौकीदाराने तुला विचारलं असावं, कारण तू म्हणालास, "अहो नक्की. शेपूट माझ्यासमोर उभं आहे." तू माझ्याकडे बघून हसलास. मी बाटलीतून पाणी पीत होते. मी ते ऐकलं, दादा. शब्द न् शब्द ऐकला. बाटली खाली करून "थांब" म्हणायला किती वेळ लागतो?

मी हिशेब केला. पाणी यायला वीस मिनिटं, साखळीला पाच, उतार पाच. येतीलच. आत्ता बोलले तर पाहुण्यांसमोर तू मला झापणार, मग मागून अप्पा येऊन म्हणणार, बघा, हिला एवढंसुद्धा जमत नाही. म्हणून मी पाणी पीत राहिले. दहा मिनिटांनी मी फाटकाकडे पाहिलं. पंधरा मिनिटांनी पायीच मागे निघाले, पाहुण्यांसमोर पळत नाहीये असं दाखवत. वळणावर पोचले तोवर फरशी दिसत नव्हती.

सायकल सापडली तेव्हा ती मीच उचलून ठेवली होती, आठवतं? साखळी नीट जोडलेली होती. पिन सरळ, कडी मोकळी फिरत होती. ते काम मी चार मिनिटांत केलं असतं, त्यांना त्या डोळ्यांनी वीस लागली असतील. आणि मग फरशीवर ते बिनधास्त उतरले, कारण मुलगी पुढे गेली आहे, ती सांगेल, आपण पोचेपर्यंत पाणी सुटणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठ महिने मी याच एका गोष्टीवर येऊन अडकते. रागावून पुढे जाणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांचे बाप संध्याकाळी घरी येतात.

आता नीट वाच, आणि हवं तर हा भाग डॉक्टरांना दाखव. तुला अप्पा आत आलेले आठवत नाहीत, कारण ते आलेच नव्हते. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. तू त्या दिवशी जे पाहिलंस ते सगळं बरोबर पाहिलंस, एक माझा चेहरा सोडून. गॅस तू बंदच केलेला असतोस. मी तुझ्यामागून जाऊन पाहायची, दरवेळी बंद असायचा, आणि तेही मी तुला कधी सांगितलं नाही.

कागद सही न करता परत पाठवते आहे. पोरगी बापाजवळ राहू दे. सोमवारी मी धरणाच्या कचेरीत जाऊन लेखी जबाब देणार आहे. त्या चौकीदारालाही भेटेन, तो बिचारा अजून रजेवर आहे म्हणे. तिथून पोलिसांकडे. पुढे काय व्हायचं ते होईल. तुला आधी कळावं, आणि माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि ती घेऊन मी जगू शकणार नाही.

चिमणीला मोठी झाल्यावर सांग. आत्ता फक्त पिल्लांचं सांग.

तू विचारलंस ना, तुझ्याशिवाय मला आहे कोण. दादा, मी नव्हतेच.

तुझी धाकटी