दोन्ही खलास

रोल्ला, शारजा
९ जानेवारी २०२६

चि. सुजीतला,

आशीर्वाद आहेतच. ते सवयीने हातून लिहिले जातात, म्हणून आधी लिहून मोकळी होते.

आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडली आहे, म्हणजे दुपारी एसी बंद ठेवता येतो आणि अरुणला स्वेटरची हौस भागवता येते. सान्वीला मराठी लिहायला बसवलं की अजूनही 'ळ'च्या जागी 'ल' काढते आणि वर मलाच ऐकवते, "इट्स द सेम थिंग, मम्मा." कुंदावहिनी उद्या सुट्टीवर इचलकरंजीला निघाल्या आहेत. त्यांच्या बॅगेत खजूर, बदाम आणि आईच्या गुडघ्यांसाठी मलम दिलं आहे. मलम रात्री लावायचं, चोळायचं नाही. तिळगूळही आहे, पण यंदा घरी केला नाही. दुबईतल्या दुकानातून आणला.

पत्र बघून तू हसशील. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं? पण फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळतोस. व्हॉइस नोट पाठवावी तर ती कापता येते. कागद कापलास तर निदान दिसेल.

तर ती जाहिरात.

सान्वीनेच आधी पाहिली. पोळी खाता खाता मोबाइल चालला होता आणि एकदम म्हणाली, "मम्मा, व्हाय इज मुनिबा आंटी इन अ रेड सर्कल?" मी पिठाच्या हातानेच फोन घेतला. आपल्या वॉर्डाची निवडणूक, तू ज्यांच्या प्रचारात असतोस ते आबासाहेब हात जोडून उभे, मागे ढोलताशे. मग मुनिबा. आमच्या शेजारची, कराचीची मुनिबा, माझी हिरवी नऊवारी नेसून पोट धरून हसतेय आणि तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली अक्षरं: 'आपला वेश घालून आत शिरतात. बाहेरच्यांना ओळखा.' आणि त्यावर आवाज माझा. मराठी, हिंदी, अरबी एका घासात बोलणाऱ्या ज्या काकूचं सोंग मी रीलमध्ये काढते, त्या खलासकाकूचा. "खलास!" पाठोपाठ एक लांब शिट्टी, सभेत कुणीतरी मारावी तशी. शेवटी मोठ्या अक्षरांत 'मराठी अस्मिता'. आईने हौसेने माझं नाव अस्मिता ठेवलं तेव्हा बिचारीला काय ठाऊक, ते एक दिवस असं छापून येईल म्हणून.

ती कराचीची आहे हे तू आबांना सांगितलंस की नाही कोण जाणे. सांगितलं असतंस तर गोल आणखी मोठा झाला असता.

तुला लगेच फोन लावला. तू म्हणालास, "ताई, आईशप्पथ, मला यातलं काही माहीत नाही. तुझे रील्स पब्लिक आहेत, आबांच्या पोरांनी नेटवरून उचलले असणार. काढायला लावतो." आणि वर, "निवडणूक आहे गं, मतदान झालं की कोण लक्षात ठेवतंय?" मी विश्वास ठेवला. इतका ठेवला की मुनिबालाही तेच सांगितलं. "सुजीत को कुछ मालूम नहीं, बेचारा खुद परेशान है."

तिला ती जाहिरात शाळेतून आली होती. ती शिकवते त्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने पाठवली होती, खाली फक्त "ये आप हैं?" तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, पण लाल गोल कळायला अक्षरं लागत नाहीत. "पढ़ के सुनाओ, ताई," म्हणाली. मी हिंदीत सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. तिने फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "सुजीत को मत डाँटना. बच्चा है, उसको भी बुरा लगा होगा."

बच्चा! चौतीस वर्षांचा घोडा.

आमच्या ऑफिसात मारिसोल आहे, टेक्ससची, घरात स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी बोलत वाढलेली. दुसऱ्या दिवशी तिला मी जाहिरात दाखवली. अक्षर एक कळलं नाही तिला, पण गोष्ट सगळी कळली. म्हणाली, "आमच्याकडे तेच. निवडणूक आली की आमच्या गाण्यांवर नाचतात, स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं पाठ करून येतात आणि दुसऱ्याच जाहिरातीत आम्हाला बाहेरचे म्हणतात." तिच्या आजीचा एका लग्नातला नाच असाच कुठल्याशा उमेदवाराच्या जाहिरातीत घुसला होता. घरातला व्हिडिओ त्यांच्या हाती लागला कसा, असं मी विचारलं. मी खुळी असल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "माय कझिन. हू एल्स? दोन्ही भाषा येतात त्यालाच असं कापता येतं, हबीबी. परक्याला कुठे कापायचं तेच समजत नाही."

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन मी जाहिरात पुन्हा लावली. पाहिली नाही, डोळे मिटून नुसती ऐकली. आणि ती शिट्टी ओळखली.

सुजीत, ती सभेतली शिट्टी नाही. ती मुनिबाच्या कुकरची आहे.

पाडव्याचा तो रील आठव. तिच्या स्वयंपाकघरात उजेड चांगला येतो म्हणून आम्ही तिथे केला. छोल्यांचा कुकर गॅसवर होता. मी तिच्या निऱ्या खोचल्या, पदर सारखा केला आणि "खलास!" म्हटलं, म्हणजे झालं बाई तुझं नेसून. तेवढ्यात कुकर बोंबलला, ती दचकली आणि जी हसत सुटली ती थांबेचना. तो टेक वाया गेला. गॅस बंद करून आम्ही परत केला, आणि लोकांनी पाहिला तो हा दुसरा. शिट्टीवाला टेक नेटवर कधी गेलाच नाही. नेहमीसारखे सगळे तुकडे मी तुला पाठवले, नेहमीसारखं तू कापून, गाणं लावून मला परत दिलंस. उरलेलं तुझ्याकडे राहिलं.

वाया गेलेल्या टेकमध्ये ती जास्त मोकळी हसली होती, म्हणून तोच घेतलास ना? निवड चांगली आहे. तुझा डोळा पहिल्यापासून चांगला.

आईची शप्पथ घेतलीस रे. जिच्या गुडघ्यांना मी मलम पाठवतेय, तिची.

आबांच्या पोरांना इथलं खलास ठाऊक नसेल, मान्य. पण तुला? दोन वर्षं तू आमच्या हॉलमध्ये झोपलास. आल्या आल्या व्हिसाच्या मेडिकलला गेलास, नर्सने रक्त काढलं, कापूस दाबला आणि म्हणाली, "खलास!" तू तिथेच पांढराफटक पडलास. तुला वाटलं, काहीतरी भयंकर निघालं, आपला खेळ संपला. घरी येऊन ते सांगितलंस तेव्हा हसून हसून मुनिबाला ठसका लागला. मग तिनेच तुला समजावलं, "यहाँ खलास मतलब हो गया, फ़िनिश. अब घर जाओ, चाय पियो." तेव्हापासून तू तिचा खलासभाई. माझी काकू जन्मली ती त्याच गोष्टीतून. तुला टायफॉइड झाला तेव्हा मी ऑफिसात असताना तुझ्या उशाशी कोण बसायचं, ते मी लिहिणार नव्हते. लिहिलंच शेवटी.

आणि बाहेरचे कोण रे? या बिल्डिंगमध्ये झाडून सगळे बाहेरचे. मी बाहेरची, मुनिबा बाहेरची, खालचा न्हावी बाहेरचा. तूही होतास. तुझ्या तोंडाभोवती कुणी गोल काढला नाही, ताट वाढलं.

तुला दोन्ही खलास माहीत होते. इथलं, ज्यात काम संपतं, आणि तिथलं, ज्यात माणूस संपवतात. एकातून दुसरं तू कापून काढलंस, आणि माझ्या तोंडात घातलंस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शिव्या हासडून मी विसरले असते. घरच्या माणसाने केलं, म्हणून कुणाला शिवी द्यायचीही सोय राहिली नाही.

इथेच थांबावं असं वाटत होतं. पण कालचं लिहायचं राहिलं आहे.

काल संध्याकाळी मुनिबा आली. हातात ती हिरवी नऊवारी, धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेली. साडी मी तिला कायमची दिली होती, ईदलाही नेसली होती ती. मी म्हटलं, "अंदर तो आ." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वो सीटी मेरे कुकर की है ना?"

माझ्याआधी तिने ओळखली होती. रोज ऐकते ती. मी मान हलवली.

"वो वाला वीडियो किस-किस के पास था?"

तुझ्यासाठी खोटं बोलायचं मी ठरवून ठेवलं होतं, सुजीत. शब्दसुद्धा जुळवले होते. तोंडातून आलेच नाहीत. म्हटलं, "मेरे पास था. और सुजीत के पास."

ती रडली नाही, भांडली नाही. साडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खलास, अस्मिता."

इथल्याच अर्थाने म्हणाली असेल. झालं, आटोपलं, चला. पण मी दारात तशीच उभी राहिले, पांढरीफटक, नर्ससमोर तू पडला होतास तशी. तिचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मी आत वळले.

रील आता होणार नाहीत. जाहिरात काढलीस का, असं मी विचारणार नाही. तिला फोन कर, असंही सांगणार नाही, कारण मी सांगितलं म्हणून केलास तर तिला ते आवाजावरून कळेल. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिळगूळ मात्र तिला दे, तूही खा. तो देताना जे म्हणायचं असतं ते मी यंदा म्हणत नाही.

आणखी एक. मुनिबा मला आधी त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं बाजी म्हणायची. 'ताई' हा शब्द तिला तू शिकवलास, आमच्या हॉलमध्ये बसून, दहादा म्हणायला लावून. काल साडीबरोबर तिने तो परत केला. तुझ्यापायी मी तिची ताई राहिले नाही, मग तुझी कुठल्या तोंडाने राहू? म्हणून खाली नुसतं नाव लिहिते. तुमच्या जाहिरातीत आहेच ते. ओळखशील.

अस्मिता