सदैव इंग्रजी मंडळाचा अध्यक्ष

३ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिणार होतो, पण विचार मोठे आहेत, भाषेत अडकायला नकोत.
कॉलेजचं तिसरं सेमिस्टर. आमच्या ब्रॉन्क्सच्या या कॉलेजात स्पॅनिश बोलणाऱ्यांची सोय उत्तम: इतिहास, व्यवस्थापन वगैरे स्पॅनिशमध्ये शिका, बरोबर इंग्रजीची एकेक लेव्हल चढा, शेवटी पदवी. इतिहासात मला ए ग्रेड आहे. इंग्रजीची पहिली लेव्हल दोनदा राहिली. तिसऱ्यांदा राहिली की कॉलेजातून नाव काढतात, पदवी खलास. म्हणून यंदा पास व्हायचं ठरवलं आहे. आधी ठरवलं नव्हतं, तिथेच चुकलं.
बायकोही यंदा वर्गात आली. एकटं वाटायला नको म्हणून मीच नेरेइदाला म्हटलं, चल. बिचारीला धीर दिला.

९ सप्टेंबर
घरात फक्त इंग्रजी! नियम सकाळीच जाहीर केला. नीट कळावा म्हणून स्पॅनिशमध्ये.

१२ सप्टेंबर
तीन दिवसांत एकही चूक नाही. एकही वाक्य नाही, हे वेगळं. साबण संपलाय हे सांगता येईना, भांड्याच्या साबणाने आंघोळ केली. मुलीचा फोन: पप्पा आजारी आहेत का? नेरेइदा म्हणते, बावीस वर्षांत घर इतकं शांत कधीच नव्हतं, चालू दे ना नियम.
नियम तूर्त स्थगित.

१८ सप्टेंबर
खरी अडचण सापडली. एकट्याने शिकता येत नाही, संस्था लागते. आम्हा डोमिनिकन लोकांचं असंच आहे, एका जिन्यात चौघे भेटले की पाचव्या मिनिटाला कार्यकारिणी. 'सदैव इंग्रजी मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष मी, बिनविरोध. उपाध्यक्ष तेओफिलो न्हावी. तोही दोनदा राहिलेला, म्हणजे अनुभवी. सचिव फाउस्तो बेकरीवाला, याच वर्गातला. सभा दर रविवारी आमच्या घरी. तेओफिलोच्या दुकानात मला आत्तापासूनच पदवीधरसाहेब म्हणतात. लोकांना माणूस कळतो.

२२ सप्टेंबर, रविवार
उद्घाटन. इंग्रजीच्या महत्त्वावर पन्नास मिनिटं बोललो. विषय गंभीर, म्हणून स्पॅनिशमध्ये. तेओफिलोच्या डोळ्यांत पाणी. नंतर सान्कोचो, आमचा दाट रस्सा, मोठं पातेलं भरून. मांस, कंद, केळी, काही कमी नाही. पुस्तक उघडायला वेळ उरला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
घटनेचं कलम चार: उपाध्यक्ष गैरहजर असताना अध्यक्षाला गैरहजर राहता येतं का? अडीच तास. फाउस्तो संतापून निघून गेला, सान्कोचो वाढल्यावर परत आला.
स्वयंपाकघरात भलता गोंधळ. नेरेइदा, चौथ्या मजल्यावरच्या कासिल्दाबाई (वय अडुसष्ट, याच वर्गात!) आणि वर्गातल्याच आणखी दोघी युकाचे कंद सोलत बसतात आणि इंग्रजीत बडबडतात. कुणाची सून काय म्हणाली, कुणाचा नवरा कसा घोरतो, सगळं इंग्रजीत. नुसत्या खिदळतात. शेवटी आत जाऊन सांगितलं, बायांनो, जरा गप्प बसा, बाहेर इंग्रजी मंडळाची सभा चालू आहे. कासिल्दाबाई म्हणाल्या, बरं हं अध्यक्ष! वर इंग्रजीत काहीतरी जोडलं. सगळ्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. विनोद चांगला असावा.

२० ऑक्टोबर, रविवार
मंडळात फूट. तेओफिलोला झेंडा हवा, मला शिक्का. शेवटी तडजोड: अध्यक्षाला छातीवर आडवा रेशमी पट्टा. नेरेइदाने शिवला. म्हणाली, हाच घालून परीक्षेला बस. कल्पना वाईट नाही.
पुस्तक पुढच्या रविवारपासून. नक्की.

१२ नोव्हेंबर
ज्या इमारतीचा मी केअरटेकर आहे तिचा बॉयलर बंद पडला. इन्स्पेक्टर आला, भराभर इंग्रजीत विचारायला लागला. सगळं नेरेइदाच बोलली. मी मुद्दामच गप्प राहिलो. तिलाही सराव नको का?

२४ नोव्हेंबर, रविवार
तोंडी परीक्षा दहा मिनिटांची, आमच्या इंग्रजीच्या हॉलंड मॅडम घेणार. माझी योजना: साडेनऊ मिनिटांचं भाषण पाठ करायचं, उरलेल्या अर्ध्या मिनिटात हात मिळवायचा. मॅडमना मध्ये बोलायला जागाच नाही. मुलीने भाषण लिहून दिलं. अर्थ विचारायचा राहिला.
नेरेइदा म्हणाली, थोडं माझ्याशी बोलून बघ ना. म्हटलं, तुझी तयारी कर. तिची काहीच योजना नाही. काळजी वाटते.

१२ डिसेंबर, दुपारी ४
परीक्षा झाली.
पट्टा घालून गेलो. सुरुवात झकास. तिसऱ्या ओळीला मॅडमनी हात वर केला, काहीतरी विचारलं. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा. परत हात. पुन्हा पहिली ओळ. मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अगदी सावकाश विचारलं, आज सकाळी काय खाल्लंत?
कळलं. देवाशपथ कळलं. आणि मी मान डावीकडे वळवली. नेरेइदा उत्तर देईल म्हणून. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, बावीस वर्षं मी अशीच मान वळवत आलो. डावीकडे रिकामी खुर्ची होती, तिच्यावर माझा कोट. मी कोटाकडे बघत राहिलो. फार लाज वाटली.
मॅडम थांबल्या होत्या. चांगली बाई आहे. मी हात मिळवला.

१९ डिसेंबर
नेरेइदा पास. कासिल्दाबाई पास, त्या दोघीही पास. आख्खं स्वयंपाकघर वरच्या लेव्हलला. तेओफिलो परीक्षेला गेलाच नाही, म्हणे मंडळाचा राजीनामा दिलाय. फाउस्तो नापास, पण त्याची पहिलीच वेळ.
मला कॉलेजचं पत्र आलं. तीन ओळी, इंग्रजीत. डिक्शनरी घेतली नाही, नेरेइदाला हाक मारली नाही. एका वाचनात सगळं समजलं.
पाठीमागे स्पॅनिशमध्येही छापलं होतं. उलटून बघावं लागलं नाही.